माझ्या मापाचा सदरा

(दुपार. बेकरीची मागची खोली. भट्टी निवत आली आहे. बेकरीवाला मैद्याच्या पोत्यांवर आडवा पडला आहे. त्याचा जुळा भाऊ, शिंपी, गळ्यात टेप घालून दारात उभा आहे.)

बेकरीवाला : ...आणि स्वप्नात बाबा तिथेच, भट्टीपाशी. कोपरापर्यंत पीठ, केस काळेभोर. मी म्हटलं, बाबा, मी आलोय. तर माझ्याकडे बघून म्हणतात कसे, "बसा काका, पाव निघायला वेळ आहे."

शिंपी : काका?

बेकरीवाला : काका. मला. आपल्या बाबांनी.

शिंपी : त्यांचं काय चुकलं? ते गेले त्या वयापेक्षा आपण आता मोठे आहोत.

बेकरीवाला : जाग आली तरी पिठाचा वास येत होता त्यांचा. भट्टी निवायला लागली की माझं हे असं होतं बघ. डोळे उघडे आहेत की मिटलेले, कळत नाही. तू बस ना. तो केक घे, कडेचा. लोणी कसं उतरलंय त्यात.

शिंपी : नको. सदरा घालून बघितलास?

बेकरीवाला : बटणं लागत नाहीत. कापड वाचवायला लागलास की काय?

शिंपी : माझ्याच अंगावर मापून कापला. नेहमीसारखा.

बेकरीवाला : मग तू वाळलास. उकडलेल्या भाज्या खाऊन दुसरं काय होणार? बरं, तुझा रिपोर्ट आज यायचा होता ना?

शिंपी : आला.

बेकरीवाला : चांगलाच असणार. दरवर्षी तुझा रिपोर्ट चांगला येतो आणि त्या दिवशी मी निवांत दोन बिस्किटं जास्त खातो. तुझं रक्त तेच माझं रक्त. मी वेगळी सुई कशाला टोचून घेऊ?

शिंपी : दादा, या वेळी चांगला नाही.

बेकरीवाला : म्हणजे?

शिंपी : हृदयाची एक रक्तवाहिनी अरुंद व्हायला लागलीय. थोडीच. गोळ्या सुरू केल्यात.

बेकरीवाला : तुझी? अरे, तू तर चहातसुद्धा साखर घालत नाहीस.

शिंपी : तेच मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं. त्या म्हणाल्या, हे घरातून आलंय. आजोबांकडून बाबांना, बाबांकडून आपल्याला. आपल्या रक्तातली चरबी हवी तशी निघून जात नाही.

बेकरीवाला : बघ. मी काय सांगत होतो? ठरलेलंच असतं सगळं. तू उगाच जन्मभर जीव मारलास.

शिंपी : मारला नाही, वाचवला. बाबा या वयाला नव्हते, मी आहे. बाई म्हणाल्या, जपून खाल्लंत, चालत राहिलात, म्हणून इतक्या वर्षांनी एवढ्यावरच निभावलं. मग त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "तुमचे जुळे भाऊ काय खातात?"

बेकरीवाला : काय सांगितलंस?

शिंपी : म्हटलं, भट्टीतून जे निघेल ते. एकाच ताग्यातले आपण, मान्य. पण एक सदरा सावलीत वाळला आणि दुसरा या भट्टीवर. तुला कधी दम लागतो का?

बेकरीवाला : वरच्या मजल्यावर पीठ आणायला जातो ना, मधल्या वळणावर थांबावं लागतं. खिडकीत उभा राहतो. लोकांना वाटतं, कबुतरं बघतोय.

शिंपी : कधीपासून?

बेकरीवाला : थंडीपासून.

शिंपी : आणि मला सांगितलं नाहीस.

बेकरीवाला : तुझा रिपोर्ट चांगला होता ना रे तेव्हा.

शिंपी : मला भीती वाटते, दादा. तू पंधरा मिनिटं आधी आलास, तुझ्याशिवाय मी या जगात कधी नव्हतोच. तुझ्यामागे कसं राहायचं, मला माहीत नाही.

बेकरीवाला : ये इकडे. वेडा कुठला.

शिंपी : ऊठ. हात वर कर. इतके सदरे शिवले तुझे, पण तुझं माप कधी घेतलंच नाही मी.

बेकरीवाला : टेप का हलतोय?

शिंपी : टेप नाही. टेपखाली तुझी छाती उडतेय. उद्या सकाळी चलायचं. माझ्या रक्तावर तुझं भागणार नाही आता.

बेकरीवाला : आणि लोणी?

शिंपी : ते बाई सांगतील. मी शिंपी आहे. वळ, पाठ बघू दे.

बेकरीवाला : पाठीला एवढं कापड कशाला धरतोस?

शिंपी : म्हातारपणी माणूस वाकतो, मग सदरा मागून आखूड पडतो. आधीच जास्त ठेवावं लागतं.

बेकरीवाला : बाबांच्या सदऱ्याला ठेवलं होतं का कुणी?

शिंपी : त्यांना लागलंच नाही.

बेकरीवाला : मग माझ्या सदऱ्याला ठेव. आणि तुझ्याही.