सासूबाईंची गोधडी

आमच्या पोलादपूरकडे थंडीत गोधड्या कशा शिवतात, ठाऊक आहे ना? दुपारी सगळ्याजणी अंगणात, उन्हाला. परवा सासूबाईंची गोधडी शिवायला घेतली होती. शेजारची सुमन जुनेर आणायला आत गेली, ती माझ्या उशीखालचा निळा शर्टही घेऊन आली. माझं लक्ष जाईपर्यंत तो थरात शिवूनही झाला. ह्यांचा शर्ट. मुंबईला जाताना मागे राहिलेला. मी धुतलाही नव्हता.

माझं तोंड बघून सुमन म्हणाली, "उसवू काय गो? का नवरा येईपर्यंत दम हाय?"

सगळ्या हसल्या. सासूबाई तेवढ्या सुईत दोरा ओवत राहिल्या.

"राहू दे," मी म्हटलं.

संध्याकाळी सासूबाईंनी नवी गोधडी माझ्या अंथरुणावर आणून टाकली.

"मला उकडतं हिच्यात," म्हणाल्या, आणि कानाला मफलर गुंडाळून आडव्या झाल्या.