कोपऱ्यातलं कर्टुलं

तानुबाई : ...अन् ह्यायला वाफे म्हणायचं का? डुकरानं उकरल्यावानी दिसायलेत. भेंडी टोचायचीय गं सूनबाई, म्हशी बसवायच्या न्हाईत.

सविता : पाणी सोडलं की बसंल माती, आत्याबाई.

तानुबाई : तुझ्या म्हणण्यानं बसती व्हय! शिवरात होऊन गेली, गावातल्या समद्या बायांचं माळवं टोचून झालं, अन् तू अजून ढेकळंच गोंजारायलीस. तो न्हाणीपाशी कोपरा का सोडला?

सविता : तिथं कर्टुल्याचा कंद हाय.

तानुबाई : काढ अन् फेक उकिरड्यावर. मागल्या पावसाळ्यात मांडवभर पसरला, पिवळीजर्द फुलं आली, अन् एक कर्टुलं धरलं न्हाई. परड्यात जसं माणूस वावरतं तसाच येल निघतो.

सविता : म्हंजे माझ्या वावरण्यानं फुलं गळाली म्हणायलाव का?

तानुबाई : मी कुठं नाव घेतलं? ज्याचं त्याला कळतं.

सविता : त्याच्या आदल्या साली मी इथंच वावरत होते. तवा पाटीभर कर्टुली निघाली. तुमीच शेजारपाजारी वाटली.

तानुबाई : तवा घराला नजर लागली नव्हती.

सविता : तवा ह्याच्या बाजूला दुसरा येल होता. तुमी तो मुळासकट उपटला.

तानुबाई : मग काय त्याची आरती करू? नुस्ती फुलं मिरवायचा, फळाचा पत्ता न्हाई. वांझ येलाला पाणी घालायला माझ्या हाताला काय दुसरं काम न्हाई व्हय?

सविता : माझ्या माहेरी, पिंगळीत, त्याला वांझ म्हणत न्हाईत.

तानुबाई : अगं बाई! मग काय म्हणत्यात, आमदार?

सविता : नर म्हणत्यात. त्याला फळ येतच नसतं. तो असला तरच बाजूची मादी धरती. तो गेला, म्हणून ही कोरडी राहिली.

तानुबाई : ऐका! येलाला बी नवरा-बायको! स्वतःची कूस भरंना, अन् मला येलाची शाळा शिकवायलीय. पिंगळीची हुशारी पिंगळीतच ठेव. उद्या देवगाव फाट्याचे पाव्हणे यायलेत. कशाला, ते ठाव हाय ना?

सविता : हाय. त्यायची पोरगी ह्या घरात द्यायला.

तानुबाई : तुला कोण हाकलायलंय? ऱ्हा की एका कोपऱ्यात, दोन घास मिळतील. तेवढं उद्या पाव्हण्यासमोर तोंड पाडून बसू नको.

सविता : डॉक्टरीणबाई काय म्हणली, ते तुमच्यासमोर म्हणली. माझ्यात काई खोट न्हाई. नवऱ्याला घेऊन ये म्हणली.

तानुबाई : मग? तपासून आला की माझा हरी परभणीला जाऊन! समदं बराबर हाय म्हणला.

सविता : कवा?

तानुबाई : दिवाळीच्या आदी. तू माहेरी गेलतीस.

सविता : मला तर अजून म्हणायलेत, जाऊ की, काय घाई हाय.

(हरिओम मोबाइल बघत परड्यात येतो. सविता त्याच्याकडं बघतच नाही. बघण्यासारखं त्याच्यात काही उरलंय, असं तिला वाटत नाही.)

तानुबाई : हरी, ठेव ते खिशात. दिवाळीच्या आदी परभणीला तपासून आलतास ना रं?

हरिओम : आं? हे काय मधीच काढलं, माय? मी म्हणलं वाफे झाले का बघावं.

सविता : बघा की. बघायला काय लागतंय!

तानुबाई : मी काय इचारलं?

हरिओम : गेलतो ना. म्हंजे... दवाखान्यापातुर गेलतो. लय गर्दी होती. दारातच दोन वळखीचे लोक बसलेले. माणसाला काई इज्जत हाय का न्हाई?

सविता : अन् तुमच्या इज्जतीपायी मी वांझ व्हायचं? गावात मिशीला पीळ देत फिरता, अन् एका दाराच्या आत पाय टाकायला घाम फुटला तुमाला!

हरिओम : माय, बघ कशी बोलायलीय!

तानुबाई : ऐकायलेय मी.

सविता : वाफे झाले, आत्याबाई. गवार, भेंडी टोचून घ्या. ह्यो कंद मी नेते. हितं उकिरड्यावर वाळण्यापरीस आमच्या पिंगळीच्या परड्यात धरंल तरी. तिथं नर हाय.

हरिओम : म्हंजे? कुणाला बोलायलीस गं? माय, ती पिशवी भरायला चाललीय, आडव की तिला!

तानुबाई : कोण्या तोंडानं आडवू? तुझं खोटं मी गावभर सांगत फिरले. तिला ओटी भरायला बोलवू नका म्हणून बायायला मीच सांगितलं. आन् तू खुशाल मोबाइल बघायलास. गाडी काढ.

हरिओम : अन् उद्याचे पाव्हणे?

तानुबाई : त्यायला मी बघते. तू आदी हिला पिंगळीला सोड.

हरिओम : अन् मग?

तानुबाई : मग माघारी फिरू नको. तसाच म्होरं परभणीला जा.