ताबीथाबाईनं खाल्लेला घास

मंडळी, एक विचारतो, खरं सांगा! देवाकडं माफी मागताना आपण दोन्ही हात पसरतो. मग दुसऱ्यानं आपल्याकडं मागितली, की तेच हात पाठीमागं का जातात? हां, आता कसे सगळे खाली बघायला लागले!

ऐका. खडकवाडीत एक ताबीथाबाई होती. आपल्या ख्रिस्ती देवळाची झाडलोट तिची, प्रभू येशूच्या आठवणीत मोडून वाटायची ती प्रभुभोजनाची भाकर तिनंच भाजायची. पाळकसाहेबांना चार गावं – महिन्यातून एकदा यायचे. म्हणून रीत अशी, की जे आजारी, अंथरुणाला खिळलेले, त्यांच्या वाटची भाकर ताबीथाबाईनं घरोघर पोचवायची. केवढा मान!

पण यादीत एक नाव आलं – शलोमी. तिची धाकटी जाऊ! आणि ही साधीसुधी जाऊ नाही बरं का. ताबीथाबाईच्या लेकीची, करुणाची सोयरीक ठरली होती, साखरपुडा झाला होता. तर या शलोमीनं पाहुण्यांच्या कानात सांगितलं, "पोरीला फिट येतात." धडधडीत खोटं! सोयरीक मोडली. करुणा अजून घरात. मंडळी, आईच्या काळजाला हे कसं लागलं असेल? मी नाही तिला नावं ठेवणार.

मग ताबीथाबाईनं काय केलं? शलोमीच्या दाराशी गेलीच नाही. लिंबाखाली उभी राहिली, इकडंतिकडं बघितलं – आणि शलोमीचा घास स्वतःच खाल्ला! एकदा नाही, तीन महिने, तीनदा! पाळकसाहेबांनी विचारलं की म्हणायची, "दिला हो, साहेब."

हसू नका. चौथ्या महिन्यात तिला भाकर भाजवेना. पीठ मळता मळता रडायला लागली. उपासनेनंतर पाळकसाहेबांचे पाय धरले, सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, उठा. प्रभूनं तुम्हाला क्षमा केली."

अहाहा! बाई हलकी झाली. डोळे पुसले, वर दोन कप चहा प्याली! तेवढ्यात साहेबांनी झाकलेली ताटली पुढं केली. "आता हा घास शलोमीबाईंचा."

"साहेब, तिचं घर सोडून कुठंही धाडा!"

बघा! चहाचा कप अजून गरम आहे, आणि बाई आली आपल्या मूळ पदावर! साहेबांनी ताटली काही मागं घेतली नाही.

गेली बाई. शलोमी खाटेवर, नुसता हाडांचा सापळा. ताटली बघितली आणि तोंड घट्ट मिटून घेतलं.

"घे की गं."

"अक्का, मी करुणाचं वाटोळं केलं. तू माफ केलं म्हण, मग घेते. नाहीतर अशीच मरू दे मला."

ताबीथाबाईच्या डोळ्यांपुढं करुणाचा चेहरा! मंडळी, 'माफ केलं' हे नुसतं ओठावर येणंसुद्धा सोपं नसतं हो. शेवटी ती खाटेच्या कडेला बसली.

"शलोमे, तुझा घास मी तीनदा खाल्ला गं."

शलोमी बघतच राहिली. "खाल्लास? मग लागला का गोड?"

"घशाखाली उतरंना!"

आणि दोघी जावा हसता हसता रडायला लागल्या. ताबीथाबाई म्हणाली, "माझा राग गेला नाही, खोटं नाही बोलायची. पण माफ केलं. आज केलं. उद्या राग आला, तर उद्या परत करीन." मग शलोमीनं तोंड उघडलं, आणि थोरल्या जावेनं तिला हातानं घास भरवला.

पेटीवाले, थांबा. तबला बंद. मंडळी, आता प्रभुभोजन आहे. ताट मांडलंय, पण मी भाकर मोडत नाही अजून. तुम्ही सगळे जाणता, इथं कोण कुणाकडं पाठ करून बसलंय. मीही जाणतो – माझा सख्खा भाऊ त्या खांबाशी बसलाय, आणि आम्ही सहा वर्षं बोललो नाही.

मी खाली उतरतोय. तुम्ही उठताय ना?