हरलो तर येतो

हॅलो?... हॅलो, कोण?... व्हर्न? अरे मोठ्याने बोल, आत ऑर्गन वाजतोय... थांब, दारापाशी येते... हं, बोल आता.

नाही, लागलं नाही अजून लग्न... मला काय विचारतोस, तुझ्या लेकीला विचार. साडेतीनची वेळ होती आपली. आता सव्वाचार झाले. दोनदा आपली वेळ मागच्या जोडप्याला देऊन टाकली तिने... म्हणे केस नीट बसत नाहीयेत. चांगले बसलेत की केस... या चॅपलमध्ये अर्ध्या अर्ध्या तासाला एक लग्न उरकतात रे, पाद्री माझ्याकडे बघून बघून थकला. जावई बिचारा कोटात उकडून निघालाय.

तू कशाला फोन केलास?... पोकरच्या स्पर्धेत ब्रेक आहे? बरं... काय विचारायचंय?... पत्त्यांचं? व्हर्न, आज कॅसिडीचं लग्न आहे... हो, हो, माहितेय, मला नाही तर कुणाला विचारणार. घटस्फोट झाला तरी ही नोकरी काही सुटली नाही माझी.

नाही, आधी मला एक सांग. सकाळी काय म्हणालास तिला?... 'लवकर हरलो तर येतो.' हे बापाचं बोलणं झालं? लग्नाच्या दिवशी पोरीने बापाच्या हरण्याची वाट बघायची का?... हो, रडली. नाही, माझ्यासमोर नाही. तुझ्यावर गेलीय, रडायचं असलं की गाडी धुवायला जाते.

बरं, सांग. पटकन सांग, बाहेर डांबर वितळतंय, टाचा रुततायत माझ्या... समजा. हं, समजा तुझ्या हातात गुलामांची जोडी आहे. आणि समोरच्या पोराने सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या... थांब, थांब. पत्ते कशाला आधी सांगतोस? पत्ते सगळ्यात शेवटी बघायचे, हे तुला सांगून सांगून माझी जीभ झिजली.

बक्षिसं सुरू व्हायला अजून किती जण बाद व्हायचेत?... दोघं? फक्त दोघं?... म्हणजे दोन माणसं उठली की पुढे तू कधीही बाद झालास तरी रिकाम्या हाताने जात नाहीस. चार दिवस त्यासाठीच बसलायस ना?

आता चिप्स किती?... आकडा नको रे. नुसते पत्ते टाकत बसलास तर किती फेऱ्या निघतील?... पाच. आणि टेबलावर सगळ्यात कमी कुणाकडे आहेत?... हिरव्या टोपीवाला म्हातारा. त्याच्या किती फेऱ्या?... एकच? मग अडलंय कुठे? दर फेरीला टेबलावर भरावं लागतं ते काय त्याला चुकणार आहे? म्हातारा आपोआप जातो. दुसऱ्या टेबलावर असाच कुणीतरी असतो, तोही जातो. आपण पाणी पीत बसायचं.

बरं, तुझ्यामागून बोलायचं कोण उरलंय?... बघितलं नाहीस?... आपल्यानंतर कोण बोलणार ते न बघता चिप्स ढकलायच्या? संसारात तेच केलंस, पत्त्यातही तेच... मोत्यांची माळ घातलेली बाई. तिच्याकडे किती?... तुझ्या दुप्पट. म्हणजे ती तुला एका घासात गिळणार आणि तिला ढेकरही येणार नाही.

सकाळपासून खाल्लंस काय?... कॉफी म्हणजे खाणं नव्हे... आणि त्या पोराने काही टोमणा मारला होता का?... 'आजोबा, उठा आता' म्हणाला. झालं. पोट रिकामं आणि डोकं तापलेलं, अशा वेळी गुलाम काय आणि दुर्री-तिर्री काय, सारखंच. टाकून द्यायचे... हो, सुंदर दिसतात, म्हणून काय झालं?

काय?... तिच्याकडे दोन राजे... हं, मग तर विषयच...

एक मिनिट. तू 'समजा' म्हणालास ना?... मग बाईकडे राजे होते हे तुला कसं कळलं?... व्हर्न... नाही, आता 'नोरीन, नोरीन' करू नकोस. ब्रेकमध्ये शंभर माणसं सिगारेटी ओढत आपापलं रडगाणं गात असतात. अर्धं आयुष्य त्या हॉलमध्ये पत्ते वाटलेत मी. तुझ्या मागे चिटपाखराचाही आवाज नाहीये.

कधी बाद झालास?... तास झाला... आणि म्हातारा?... बक्षीस घेऊन गेला. अरे देवा.

तुला माहितेय का व्हर्न, तीन वाजता तू नुसता खुर्चीतून उठून लग्नाला आला असतास ना... हो, भरायचं ते तुझ्या ढिगातून आपोआप कापून घेतलंच असतं. तरी पाच फेऱ्या होत्या. तुझ्या रिकाम्या खुर्चीने बक्षीस मिळवलं असतं. तू बसलास म्हणून गेलं... नाही, हसत नाहीये. दमलेय मी. फार दमलेय रे.

आहेस कुठे?... गाडीत? कुठल्या... तो टायरच्या दुकानासमोर उभा आहे तो तुझा ट्रक आहे?... पाऊण तास? काचा बंद करून? भाजून मरशील... मग येत का नाहीस आत?

हं... ऐकतेय, बोल... 'आता आलो तर ती म्हणेल, हरला म्हणून आला.' म्हणेलच. खरंच आहे ते... काय सांगणार तिला?... चिप्स टेबलावर सोडून आलो? नको. हे बघ, तुझ्या सगळ्या थापा आजवर मी झाकल्या, आज माझ्याच्याने...

कॅसिडी, तू कशाला बाहेर आलीस, झगा बघ कसा लोळतोय... हो, त्याचाच फोन आहे... काय?... तुला ठाऊक होतं? केव्हापासून?... मग मला का नाही...

व्हर्न. ऐक... अरे ऐक ना. ती म्हणते, कोण कोण बाद झालं त्यांची नावं फोनवर येतात. सकाळपासून तेच बघत होती. तुझं नाव आलं तेव्हाच तिने पहिली वेळ सोडली... केसांना काही झालेलं नव्हतं... हो. म्हणाली, डॅडी हरले, म्हणजे आता येतील.

रडू नकोस. तू रडलास की मलाही येतं, आणि मला अजून फोटो काढून घ्यायचेत... नाही, थाप नको. काहीच सांगू नकोस. ती पायरीवर उभी आहे, तुझ्या ट्रककडेच बघतेय. म्हणते, तिसऱ्या जोडप्याला वेळ देणार नाही.

उतर. टाय असू दे, कुणी बघत नाही... हॅलो?... अरे, फोन सीटवर टाकून कुठे निघालास... व्हर्न, दोन्हीकडे बघ. रस्ता ओलांडताना तरी बघ रे.