जप्त केलेला पाना आणि बाळंतगाडीचा मागचा एक्सल

दिनांक १४ ऑक्टोबर १९६७, शनिवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी या ठाण्याचे हवालदार भगवंतराव यांनी माझी पिकअप गाडी आणि उकंडराव मिस्त्री यांचा चाकाच्या हबचा मोठा पाना जप्त केला. माझा जबाब इथून सुरू व्हावा. लिहून घेणाऱ्यांना तो चाक निसटल्यापासून हवा होता. चाक निसटणे ही चूक होती, तिच्याकडे मी येईनच. पाना अडकवून ठेवणे हा अन्याय आहे.

मी कु. अन्नपूर्णा हिंमतराव इंगळे, वय ६१ वर्षे, धंदा सरकारी दवाखान्यातून निवृत्त नर्स, राहणार उंद्री, तालुका चिखली, शिक्षण अमरावतीस मिशनच्या नन्सच्या शाळेत. ठाण्यात स्वतः हजर राहून, कोणी न शिकवता सांगते की,

सदर गाडी लष्कराच्या लिलावातली आहे. अडलेल्या बाळंतिणींना दवाखान्यात नेण्यासाठी मी ती चालवते. लोक तिला बाळंतगाडी म्हणतात. गेल्या वर्षी श्रावणात जानेफळच्या रस्त्याला काळ्या चिखलात तिचे मागचे एक चाक जागच्या जागी फिरत राहिले, दुसरे उभे राहिले, आणि जोर दिल्यावर चाक फिरवणारा आतला दांडा तुटून चाक बाहेर आले. जुन्या एक्सलमध्ये गाडीचे वजन त्या दांड्यावरच असते. गाडीत पुष्पाबाई होती, ती दवाखान्यापर्यंत पोचली नाही. तिच्याविषयी मला या जबाबात जास्त सांगायचे नाही.

त्यानंतर मी उकंडरावांना मागचा एक्सल बदलायला सांगितले. त्यांनी लिलावातल्याच मोठ्या ट्रकचा एक्सल आणला. त्यात वजन बाहेरच्या जाड नळीवर येते, दांड्याला फक्त चाक फिरवायचे काम राहते. चिखलात दोन्ही चाके एकमेकांना सोडत नाहीत, बरोबरच फिरतात. स्प्रिंगचे पाटे वाढवले, खोल नक्षीचे टायर घातले. ११ ऑक्टोबरला, खंडेनवमीच्या दिवशी, दिवस मावळेपर्यंत सगळे काम झाले होते. फक्त डाव्या चाकाचा आतला मोठा नट आवळून, तो सुटू नये म्हणून त्याची पट्टी मुडपायची राहिली होती.

त्याच वेळी उकंडरावांच्या आई वच्छलाबाई यांनी कारखान्यातली सर्व हत्यारे पाटावर मांडून पूजली. मोठा पाना मधोमध होता. दसऱ्याचे सोने वाटेपर्यंत पूजेतल्या हत्याराला हात लावत नाहीत. उकंडरावांनी नट हाताने फिरवून ठेवला, दांडा नुसता आत सरकवला. दसऱ्याच्या सकाळी वच्छलाबाईंनी अंगणात जे जे लोखंड होते त्याला झेंडूच्या माळा घातल्या. माझ्या गाडीच्या चारही चाकांना घातल्या, पुढे नारळ फोडला.

आमच्याकडे काम पुरे झाल्याशिवाय गाडीची पूजा करत नाहीत. १२ तारखेला सकाळी आठ वाजता वस्तीवरून गीताबाई अडल्याचा निरोप आला. मी कारखान्यात गेले. उकंडराव आपट्याची पाने आणायला गेले होते. वच्छलाबाई घरात चुलीजवळ होत्या. मी माळा पाहिल्या, नारळ पाहिला आणि गाडी काढली. मी विचारले नाही. हे वाक्य दोनदा लिहून घेतले तरी माझी हरकत नाही.

गीताबाई आणि तिची सासू कलाबाई यांना घेऊन मी परत येत होते. दहा वाजून वीस मिनिटे झाली होती. पुढचे मला जसे दिसले तसे सांगते.

आधी आवाज गेला. गाडी डाव्या अंगाने हळूच खाली बसली, जसा बैल आपल्या मनाने बसतो. आणि आमच्या शेजारून एक चाक पुढे निघाले, उभेच्या उभे, गळ्यात झेंडूची माळ, मधून निघालेला पोलादी दांडा उन्हात चमकत होता. त्याला घाई नव्हती. ते बांध चढले आणि ज्वारीत शिरले. कणसे बाजूला झाली, पुन्हा मिटली. पलीकडे कापूस फुटला होता. मला वाटले, आपण अजून चालतोच आहोत आणि हे सगळे शेतच मागे सरकते आहे.

मागून कलाबाई म्हणाल्या, "बाई, कोनाचं तं चाक चाल्लं पाहा ज्वारीत!"

मी म्हटले, "आपलं आहे, कलाबाई."

"आपलं? मंग आपन कशावर चाल्लो?"

चाक किती वेळ चालले, असे लिहून घेणाऱ्यांनी विचारले. घड्याळाप्रमाणे अर्धे मिनिट. मला ते अजूनही चालताना दिसते.

अकरा वाजून पाच मिनिटांनी गीताबाईला कललेल्या गाडीतच मुलगी झाली. मुलगी रडली. पण वार पडेना आणि रक्त थांबेना. दवाखान्यात नेल्याशिवाय इलाज नव्हता. मी पोट दाबून धरून बसले.

साडेअकराच्या सुमारास उकंडराव सायकल मारत आले. अंगणात गाडी नाही हे पाहताच ते चाकोरी धरून निघाले होते. झेंडूच्या पाकळ्यांवरून ज्वारीत जाऊन त्यांनी चाक ढकलत आणले. मी विचारले, "पाना कुठे आहे?"

त्यांनी चाक गाडीला टेकवले. "पूजेत हाये, बाई."

"मग काय नुसता हात हलवायला आलात?"

"धावलो तसाच. माया जीव थाऱ्यावर नाही."

त्यांनी परत वळायला सायकल उचलली, तेवढ्यात बांधावरून बैलांची दमणी आली. आत वच्छलाबाई एकट्या, मांडीवर पदरात गुंडाळलेली वस्तू. तिला हळदकुंकू लागलेले होते. त्या म्हणाल्या, "देवीले म्या सांगतलं, माय, तूबी बाईच हायेस. मले पाना लागते." आणि मुलाला म्हणाल्या, "घे ना बे! पाहून काय राह्यला?"

चाक चढवले, नट आवळला, पट्टी मुडपली, दांडा बसवला. बारा वाजून पंचवीस मिनिटांनी गाडी निघाली. नाल्यात हस्ताच्या पावसाचा चिखल गुडघाभर होता. दोन्ही चाकांनी एकदम ओढ धरली आणि गाडी पलीकडे चढली. ही तीच जात होती चिखलाची. मी नाल्यात मागे वळून पाहिले नाही. पावणेदोनला तालुक्याच्या दवाखान्यात पोचलो. गीताबाई जिवंत आहे.

उकंडरावांविरुद्ध माझी तक्रार नाही. त्या चाकाची जबाबदारी कोणावर तरी टाकायचीच असेल, तर गाडी मी चालवत होते.

चाक निसटल्याची बातमी ठाण्यात पोचली, आणि १४ तारखेला हवालदार भगवंतराव म्हणाले, "बाई, कायदा हाये. मोटर इन्स्पेक्टर पाहीन, मंग गाडी सुटन. पाना पुरावा हाये." मी म्हटले, "भगवंतराव, कायद्याला कळा येत नाहीत." इन्स्पेक्टर कधी येणार हे त्यांना माहीत नव्हते, आजही नाही. आज २५ तारीख. देवीने पाना एका मागणीत सोडला. ठाण्याने अकरा दिवस धरून ठेवला आहे.

साखरखेर्ड्याची सरस्वतीबाई पहिलटकरीण आहे. तिच्या कमरेचे हाड अरुंद आहे, घरी सुटका होणार नाही, हे मी तपासून सांगितले आहे. तिच्या घरापासून सडकेपर्यंत दोन नाले आणि काळी जमीन आहे. ते ओलांडेल असा एक्सल या भागात एकच आहे. तो या ठाण्याच्या लिंबाखाली उभा आहे. आज येताना मी पाहिले, चाकावर माळेची दोरी तेवढी राहिली आहे.

हा जबाब मला वाचून दाखवला, मग मी तो स्वतःही वाचला. "वाहन निकामी" असे लिहिले होते ते खोडून "वाहन उत्तम" करून घेतले. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. खाली सही करते.

गाडी आणि पाना कधी परत देणार, याचे लेखी उत्तर मला सोमवार, दिनांक ३० ऑक्टोबर १९६७, दुपारी बारा वाजण्याच्या आत मिळावे. सरस्वतीबाईचे दिवस ५ नोव्हेंबरला भरतात. ती तारीख इन्स्पेक्टर येईपर्यंत थांबणार नाही.

सही
अ. हिं. इंगळे