प्रभाग सातची राखीव जागा

(एका लहान शहराच्या नगरपरिषदेत, शांतलिंग कारकुनाच्या टेबलापुढं दोघी जणी उभ्या आहेत.)

शिवगंगा : आधी नोटीस म्या वाचली. तवा जागा माझी!

चाँदबी : वाचली तू, पण लिंबाखाली बांगड्या घेऊन बावीस वर्सं कोण बसलं? सांग की सायबांना. गटारीच्या कामाला आमाला उठवलं, आन् आता मोकळी झाली म्हणताना ही भाजीची पाटी घेऊन म्होरं!

शांतलिंग : मावशी, एकेकीनं बोला. कुठली जागा? कसली नोटीस?

शिवगंगा : दारावर डकवलीया ती. चौथी शिकलेय म्या. "प्रभाग सात, एक जागा रिक्त, महिलेसाठी राखीव." बाजारातली जागा बाईमाणसाला देणार, असंच ना?

शांतलिंग : अरे देवा! आवो, ती बसायची जागा न्हाय. तुमच्या नगरसेविका म्हाळसाबाई वारल्या ना, त्यांची जागा. पोटनिवडणूक लागलीय.

चाँदबी : या अल्ला! म्हाळसाबाईंची? दर संक्रांतीला त्यांच्या हातात मीच बांगड्या भरायची. आन् त्यांच्या जागेवरून आमी भांडतोय! चल गं शिवगंगे, तोंड दाखवायची सोय ठेवली न्हाईस.

शिवगंगा : थांब की जरा. सायेब, बाजारात कुणी कुठं बसायचं, ते कोण ठरवतं?

शांतलिंग : सभेत ठरतं. नगरसेवक ठरवत्यात.

शिवगंगा : मग नगरसेवक व्हायला कुणाला उभं राहता येतं?

शांतलिंग : ह्या जागेला बाईच पायजे. एकवीस पूर्ण. गावच्या मतदार यादीत नाव. घरात संडास. नगरपरिषदेची नोकरी नको, ठेका नको.

चाँदबी : एवढं तर माझ्याकडंबी हाय. शिक्षण किती लागतं?

शांतलिंग : अट न्हाय.

चाँदबी : नीट बघा हो. पान चिकटलं आसंल.

शांतलिंग : चौदा वर्सं हाच कागद वाचतोय, मावशी. शिक्षणाची अट न्हाय. शेतजमिनीची न्हाय. अंगठा चालतो.

चाँदबी : अंगठा? माझा? ह्या टेबलावर?

शांतलिंग : व्हय, ह्याच टेबलावर.

चाँदबी : न्हाय बाई, माझं काम न्हाय ते. शिवगंगे, तूच उभी ऱ्हा. तुला वाचता येतं, बोलता येतं. तू तर बाजारच्या मुकादमालाबी गप करतीस.

शांतलिंग : लेकरं किती?

शिवगंगा : तीन. धाकटी करिश्मा, दोन हजार अकराची.

शांतलिंग : दोन हजार एकच्या सप्टेंबरनंतर झालेलं लेकरू मोजत्यात. त्यानं लेकरं दोनाच्या वर गेली की अपात्र.

शिवगंगा : म्हंजी माझी करिश्मा मोजली तिथं!

शांतलिंग : कायदा हाय, बाई.

शिवगंगा : मोजा खुशाल. शाळेत पयली येती ती. मला तिच्याहून मोठी जागा नको.

चाँदबी : मग माझं तर झालंच, सायेब. मला पाच हायेत.

शांतलिंग : धाकटं कधीचं?

चाँदबी : फिरोज. भूकंपाच्या साली झाला, पत्र्याच्या शेडात. जमीन थरथरत व्हती आन् म्या वरडत व्हते.

शांतलिंग : त्र्याण्णव! मग एकबी मोजलं जात न्हाय. मावशी, तुम्ही पात्र हाय.

चाँदबी : काय हाय म्हणालात?

शांतलिंग : पात्र. उभं राहू शकता.

चाँदबी : आन् निवडून आलं तर... किती दिवस?

शांतलिंग : पाच वर्सांतली उरलेली मुदत. तीन वर्सं, दोन महिने.

चाँदबी : तवर कुणी उठवणार न्हाय? मुकादम, पोलीस, कुणीबी?

शांतलिंग : असं उठ म्हणून कुणाला उठवता येत न्हाय. मात्र न सांगता सलग सहा महिने सभेला आला न्हाईत, तर जागा जाती.

चाँदबी : सहा महिने! आयकलंस, शिवगंगे? फिरोजच्या निकाहाला म्या एक बाजार चुकवला, तर माझ्या जागेवर चपलावाला बसला. आन् हितं सहा महिने वाट बघत्यात माणसाची. केवढी ती जागा गं!

शिवगंगा : काय घाबरतीस? भर अर्ज.

चाँदबी : मला कोण मत देणार, बये?

शांतलिंग : ते मागनं बघू. आधी पाच सूचक आणा. पक्ष न्हाय तुमाला, तवा प्रभागातल्या पाच मतदारांनी सह्या करायच्या, की ही बाई आमाला चालती.

चाँदबी : असं लिहून कोण देणार? आजवर कुणी तोंडानंसुद्धा म्हणालं न्हाय.

शिवगंगा : सायेब, माझं नाव सातातच हाय. सूचकाचीबी लेकरं मोजत्यात का?

शांतलिंग : न्हाय. सूचकाला नुसतं मतदार आसलं की झालं.

शिवगंगा : मग पेन द्या हिकडं. कुठं करू सही?