अर्धं डोकं

शिकागोत ओझेलाच्या पार्लरमध्ये मी नंबर लावून बसले होते. खुर्चीत वर्नेल होती, जगज्जेत्या बॉक्सर रूफसची आई. ओझेला तापलेल्या कंगव्याने तिचे कुरळे केस सरळ करत होती.

"मान हलवू नकोस, कान भाजेल."

"आज कोर्टाचा निकाल आहे गं. तुरुंगात जाताना पोराला माझं डोकं तरी नीट दिसू दे."

"सक्तीच्या भरतीला नाही न म्हणता लष्करात गेला असता, तर किताब तरी राहिला असता."

"तो म्हणतो, रिंगमध्ये समोरचा पडला की मी मागे सरतो. युद्धात मला कोण मागे सरू देणार?"

"माझा पोरगा डेलमर गेलाच ना व्हिएतनामला लढायला, मुकाट्याने."

"म्हणूनच विचारते, ओझेला. माझ्यावर राग आहे तुझा?"

"होता. मान सरळ ठेव. थांब, रेडिओवर त्याचंच नाव घेतायत."

"काय म्हणाले?"

"सुटला! वर्नेल, तुझा रूफस सुटला!"

"देवा रे! सोड मला, मी निघाले."

"अगं बाई, अर्धं डोकं राहिलंय!"

"राहू दे! आता रोज बघायचंय त्याला हे डोकं. पण तू का रडतेस?"

"कंगव्याचा धूर गेला डोळ्यांत. जा, पळ. आपल्या गल्लीतलं एक तरी पोर आज घरी जेवेल."